आखूड नळीच्या .३८ रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसं: मी काय भरते आणि का

निकाल आधी सांगते, कारणं मागून. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये फेडरल कंपनीचं 'गोल्ड मेडल मॅच' १४८ ग्रेन वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस) भरलेलं असतं आणि पुन्हा भरण्यासाठी जवळ ठेवलेल्या राखीव पट्टीत स्पीअरचं 'गोल्ड डॉट' १३५ ग्रेन प्लस पी, म्हणजे वाढीव दाबाचं. पहिलं काडतूस कागदी निशाणावर स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी बनवलंय. दुकानात स्वसंरक्षणाच्या कप्प्यात ते दिसणारही नाही. तरी विचारांती तेच निवडलं. आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणी हल्ली हा प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहते. रुग्णालयात फार्मसिस्ट आहे, पाळी बहुधा रात्रीची. घरी एकटीच असते. हात लहान आहेत आणि दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी संधिवात आहे. या तीन गोष्टी मुद्दाम सांगतेय, कारण तुमचे हात, तुमचं घर आणि तुमचं शस्त्र वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल. आणखी एक: माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. काडतूस कसं पाहायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. त्याबद्दल पुढे येईलच.

शस्त्र आहे स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच गोळ्यांचं, १.८७५ इंच नळीचं, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या सांगाड्याचं. घोडा आत झाकलेला, त्यामुळे पर्समध्ये किंवा कोटाच्या खिशात अडकत नाही. वजन जेमतेम चारशे ग्रॅम. बाळगायला हे वजन सुखाचं, पण झाडताना तोच हलकेपणा हातावर उलटतो. जड पोलादी रिव्हॉल्व्हर धक्क्याचा बराचसा भाग स्वतः गिळतं, हे सगळा धक्का मनगटाला देतं. शिवाय चाप लांब आणि जड, साधारण बारा पौंडांचा. दुखऱ्या अंगठ्याला हे दोन्ही एकदम सोसायचं असतं.

ग्रेन म्हणजे किती, हा प्रश्न हमखास येतो. ३२५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनची गोळी म्हणजे पाच ग्रेन. या हिशोबाने १४८ ग्रेनची शिशाची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या थोडी वर जाते. औषधशास्त्रातून ग्रेन जवळजवळ गेला, काडतुसांच्या डब्यावर मात्र टिकून आहे.

आता मुख्य अडचण. .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं. त्या काळची रिव्हॉल्व्हरं चार ते सहा इंच नळीची असत. नळी लांब असली की दारूला जळायला आणि गोळीला वेग घ्यायला जागा मिळते. दोन इंचांत तो वेग बराच घटतो. हॉलो पॉइंट गोळी म्हणजे पुढून पोकळ, लागल्यावर फुलून रुंद होणारी. पण फुलायला वेग लागतो. आखूड नळीतून सुटलेली हॉलो पॉइंट हिवाळी कोटासारख्या जाड कापडातून गेली की पोकळीत कापड गच्च बसतं आणि पुष्कळदा ती फुलतच नाही. मग ती गोल टोकाच्या साध्या गोळीसारखी पुढे जाते. उलट, हलकी गोळी वेगात सोडून ती फुलवली, तर ती फार खोल जात नाही. दोन इंची .३८ मध्ये फुलणं आणि खोली या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणं दुर्मिळ आहे. जाहिरातीतली ती सुंदर उमललेली गोळी चार इंची नळीतून सुटलेली असू शकते, हे लक्षात ठेवून डबा वाचावा.

खोलीबद्दल इतका आग्रह का, तर ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात झालेली चकमक. बेन ग्रोगन आणि जेरी डव्ह हे दोन एजंट त्यात मारले गेले. मायकल प्लॅट या दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली एक ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली, चांगली फुलली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. शेवटी एडमुंडो मिरेलेस या जबर जखमी एजंटाने आपल्या रिव्हॉल्व्हरने ती चकमक संपवली, आणि त्यात काडतुसं होती .३८ स्पेशल प्लस पी. या घटनेनंतर एफबीआयने चाचणीची पद्धतच नव्याने बसवली. शरीराच्या मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या दहा टक्क्यांच्या जिलेटिनमध्ये गोळी किमान बारा इंच आणि जास्तीत जास्त अठरा इंच गेली पाहिजे, उघड्या जिलेटिनमध्ये आणि जाड कापडाआडूनही. समोरच्याचा हात मध्ये येऊ शकतो, तो आडवा उभा असू शकतो, म्हणून बारा इंच. मी हा आकडा पायाभूत मानते. फुलणं मिळालं तर उत्तम, पण बारा इंचांच्या आत अडकणारी गोळी मला नको.

वॉडकटर या कसोटीवर कसं उतरतं? त्याची गोळी सपाट असते, पुंगळीच्या (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या) तोंडाशी जवळजवळ समतल बसवलेली. टोक नाहीच. निशाणाच्या कागदावर ऑफिसातल्या पंचने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजायला सोपं जावं म्हणून हा आकार. ती फुलत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. सपाट तोंडाची धारदार कड गोल टोकाच्या गोळीपेक्षा चांगली कापत जाते आणि कापड भरायला पोकळी नसल्यामुळे जाड कोटाने तिच्यात काही फरक पडत नाही. कंपनी वेग सांगते सेकंदाला ६९० फूट, म्हणजे मंदच. आखूड नळीतून त्याहून कमी मिळणार. तरी जिलेटिनमध्ये ती बारा इंच आरामात ओलांडते. आत दारू थोडी आणि झटपट जळणारी, त्यामुळे दोन इंची नळीतही बहुतेक सगळी जळून जाते. अंधारात नळीच्या तोंडाशी उठणारा जाळ कमी, धक्का तर खूपच कमी.

माझ्यासाठी निर्णायक ठरला तो धक्काच. सात यार्डांवर, तळहाताएवढ्या वर्तुळात, एका हाताने आणि दोन्ही हातांनी, सलग पाच गोळ्या: वॉडकटर असेल तर पाचही आत बसतात आणि दोन गोळ्यांमधला वेळ कमी राहतो. प्लस पी भरलं की तिसऱ्या गोळीपासून पकड सैल होते आणि पाचवी वर्तुळाच्या कडेला सरकते. प्लस पी म्हणजे वाढीव दाब. साध्या .३८ स्पेशलची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, प्लस पीची २०,०००. माझं रिव्हॉल्व्हर प्लस पीसाठी प्रमाणित आहे, जुनी बरीचशी नाहीत, तेव्हा नळीवर काय कोरलंय ते आधी वाचावं. शिवाय सरावाला बाहेर पडावंसं वाटलं पाहिजे. दर वेळी अंगठा सुजणार असेल तर माणूस रेंजवर जायचं टाळतो, आणि सराव नसला की डब्यातलं काडतूस कोणतंही असो, नेम बसत नाही.

आणखी एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. अशा आखूड रिव्हॉल्व्हरच्या स्थिर साइट्स (नेम धरायच्या खुणा) साधारण १५८ ग्रेनच्या जुन्या, जड गोळीच्या अंदाजाने बसवलेल्या असतात. नळी धक्क्याने वर उचलली जात असतानाच गोळी बाहेर पडते. हलकी, वेगवान गोळी लवकर निसटते, म्हणून नेमाच्या खाली लागते. जड, सावकाश गोळी जिथे बघाल तिथे लागण्याची शक्यता अधिक. घरातल्या एका खोलीच्या अंतरावर हा फरक बोटभरही नाही, पण पार्किंगमधल्या पंधरा यार्डांवर तो दिसायला लागतो. १४८ ग्रेन मला नेमावर मिळतं.

उणिवाही सांगायला हव्यात. रिकामं झालेलं सिलिंडर (काडतुसांची पाच घरं असलेलं फिरतं चाक) घाईत पुन्हा भरताना वॉडकटर त्रास देतं. गोळीला टोक नाही, त्यामुळे ती सिलिंडरच्या घरात सरकत जात नाही, कडेला अडते. दुसरं, हे स्पर्धेचं काडतूस, त्यामुळे साधी पितळी पुंगळी. स्वसंरक्षणाच्या काडतुसांना बहुधा निकेलचा मुलामा असतो. खिशात घामाने पितळ काळवंडतं, म्हणून भरलेली पाच काडतुसं मी दर ऋतूत रेंजवर झाडून टाकते आणि नवी भरते. तिसरं, उघडं शिसं. रेंजवरून आल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात आणि चेहरा धुणं, कपडे वेगळे धुणं आणि तोवर तोंडात काहीही न घालणं यात सवलत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे. फार्मसिस्ट म्हणून सांगते, रक्तातलं शिसं तपासून घ्यायला लाजू नका, साधी चाचणी आहे.

भरण्याच्या अडचणीवर उपाय म्हणून राखीव पट्टीत गोल्ड डॉट. त्याची निमुळती, गोलसर गोळी घरात सहज घसरते. आयडाहोतल्या लुइस्टनला बनणारं हे काडतूस माझ्या मते आखूड नळीच्या .३८ साठी आज मिळणारं सर्वांत विचारपूर्वक बनवलेलं हॉलो पॉइंट आहे. डब्यावरच 'शॉर्ट बॅरल' लिहिलेलं असतं आणि वेगही दोन इंची नळीतून मोजलेला, सेकंदाला ८६० फूट. न्यूयॉर्कच्या पोलिसांपैकी पुष्कळ जण राखीव शस्त्र म्हणून असंच छोटं रिव्हॉल्व्हर बाळगत आणि हे काडतूस त्यांची गरज डोळ्यांपुढे ठेवून आकाराला आलं. गोळीची पोकळी रुंद आहे, तांब्याचं कवच शिशावर चढवून एकजीव केलेलं असल्यामुळे ते वेगळं होत नाही. चाचण्यांत ती बहुधा फुलते आणि बारा इंचांच्या आसपास जाते. तुमचे हात धडधाकट असतील तर पाचही घरांत हेच भरा, असं मी बिनदिक्कत सांगेन. डब्यात वीसच येतात आणि दर काडतुसाला किंमत वॉडकटरच्या बरीच वर, तेव्हा सरावाला परवडत नाही एवढंच. सरावासाठी तेवढ्याच धक्क्याचं स्वस्त १३० किंवा १५८ ग्रेनचं काही घ्यावं.

फेडरलचं 'एचएसटी मायक्रो' १३० ग्रेन प्लस पी दिसायला नवलाचं. गोळी वॉडकटरसारखी पुंगळीत खोल बसवलेली, पण समोर मोठी पोकळी. फुलते दांडगी. त्यामुळे खोली थोडी आखडते आणि धक्का गोल्ड डॉटच्याच घरातला. भरायला वॉडकटरइतकंच अवघड. मला त्यात दोन्हींकडच्या अडचणी एकत्र दिसल्या. ज्यांना फुलणंच महत्त्वाचं वाटतं त्यांनी जरूर पाहावं.

हॉर्नडीचं 'क्रिटिकल डिफेन्स' ११० ग्रेन मात्र न्यू जर्सीतल्या मंडळींसाठी थोडं तपशिलात. एडिसनच्या मैत्रिणीने विचारलं होतं. त्या राज्यात हॉलो पॉइंट काडतुसं घरात ठेवता येतात, रेंजवर नेता येतात, पण अंगावर बाळगून बाहेर फिरता येत नाही, शस्त्र बाळगण्याचा परवाना असला तरी. हॉर्नडीच्या गोळीत पोकळी लाल रंगाच्या मऊ पॉलिमरने भरलेली असते. लागल्यावर तेच पॉलिमर दाबलं जाऊन गोळी फुलवतं, आणि कापड अडकायला जागा उरत नाही. भरलेलं टोक म्हणून राज्य पोलीस तिला हॉलो पॉइंट मानत नाहीत. प्लस पी नाही, धक्का सौम्य. मला खोली हवी तेवढी भरवशाची वाटत नाही, बाराच्या अलीकडे-पलीकडे घुटमळते, आणि हलकी असल्यामुळे साइट्सच्या किंचित खाली लागते. मैत्रिणीला मी दोन्ही डबे घेऊन रेंजवर झाडून बघ म्हटलं. वॉडकटरलाही पोकळी नाही, म्हणजे तिच्यासाठी तोही मार्ग मोकळा आहे. कायदा बदलत असतो, तेव्हा खरेदीच्या दिवशी तिथल्या राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्यावं.

हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी एक धोका लिहायलाच हवा. जड दारूच्या काडतुसाचा धक्का इतका असतो की अजून न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी पुरेशी पुढे आली की सिलिंडर फिरतच नाही, आणि ते मोकळं करायला हत्यारं लागतात. माझ्या एका परिचितांच्या अगदी हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे डोळ्यांनी पाहिलंय. तपासायची रीत सोपी: पाचवं काडतूस खूण करून मोजा, पहिली चार झाडा, पाचवं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस तुमच्या शस्त्रासाठी नाही, त्याची कीर्ती कितीही असो.

आता बाबांची रीत. डबा घरी आला की मी सगळी काडतुसं पांढऱ्या कापडावर काढते आणि उजेडात एकेक फिरवून पाहते. मागची टोपी (ठोका बसल्यावर दारू पेटवणारी) पुंगळीच्या पृष्ठापेक्षा किंचित आत बसलेली हवी. वर आलेली असेल तर सिलिंडर घासतं. टोपी उलटी बसलीय का, पुंगळीला चीर किंवा पोचा आहे का, तोंडाशी गोळी घट्ट आवळलेली आहे का, हे पाहायचं. मग प्रत्येक काडतूस रिकाम्या सिलिंडरमध्ये टाकून बघायचं. ते स्वतःच्या वजनाने आत पडलं पाहिजे आणि उलटं केल्यावर बाहेर आलं पाहिजे. बाबा म्हणायचे, तेलाचा हात टोपीला लावू नकोस. साफसफाईचं तेल झिरपून टोपी मेली तर चाप ओढल्यावर नुसता टक आवाज येतो. खडकीचा तो कारखाना १८६९ सालचा, आणि भारतात साध्या परवानाधारकाच्या .३२ रिव्हॉल्व्हरमधलं काडतूस पुष्कळदा तिथलंच असतं. तिकडे .३८ सामान्य माणसाला मिळतच नाही, त्यामुळे निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. इथे दुकानाची भिंत भरून डबे असतात आणि गोंधळ उडतो.

डब्यावर मुदतीची तारीख नसते, लॉट नंबर मात्र असतो. औषधांप्रमाणेच मी तो वहीत लिहून ठेवते. नव्या लॉटमधली काही काडतुसं झाडून पाहिल्याशिवाय उरलेली भरण्यासाठी वापरत नाही.

भारतातून कामाच्या व्हिसावर आलेल्या वाचकांसाठी: एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असताना बंदूकच नव्हे, काडतूस बाळगणंही संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाशी बोलल्याशिवाय गृहीत धरू नयेत. ग्रीन कार्ड आल्यावर अडसर नाही. ओहायोत १३ जून २०२२ पासून परवान्याशिवायही झाकून शस्त्र बाळगता येतं, तरी मी आठ तासांचं प्रशिक्षण घेऊन परवाना काढला, कारण इतर काही राज्यांत तो चालतो आणि त्या आठ तासांत कायदा नीट समजतो. रुग्णालयाच्या इमारतीत शस्त्र न्यायला मनाई आहे, म्हणून कामावर असताना ते गाडीत, बोल्टने जखडलेल्या पोलादी पेटीत कुलूपबंद राहतं. घरी पलंगाशेजारी तशीच दुसरी पेटी.

अपार्टमेंटमधल्या वाचकांनी ध्यानात घ्यावं की वर लिहिलेलं प्रत्येक काडतूस इथल्या जिप्समच्या भिंतीतून आरपार जातं. भिंतीत थांबेल आणि तरी उपयोगी पडेल अशी गोळी नाही. म्हणून पलंगापासून दारापर्यंत कुठल्या दिशेला शेजाऱ्यांची खोली येते हे दिवसा उभं राहून पाहून ठेवावं, आणि नेमाच्या पलीकडे काय आहे हे ठाऊक नसेल तर चापावर बोट ठेवू नये.

ज्यांच्याकडे तीन-चार इंच नळीचं जड पोलादी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे, त्यांना माझी शिफारस लागू नाही. त्यात .३८ स्पेशल बिनधास्त चालतं (उलट मात्र नाही, मॅग्नमची पुंगळी लांब असते म्हणून ती .३८ च्या घरात पुरती बसत नाही). अशा शस्त्रात १५८ ग्रेनची मऊ शिशाची, पोकळ टोकाची प्लस पी गोळी घ्या. अमेरिकेतल्या पोलिसांनी ती वर्षानुवर्षं वापरली. रेमिंग्टन आणि विंचेस्टर या दोन्ही कंपन्यांनी ती बनवली आहे. लांब नळीत ती फुलते, जड शस्त्रात धक्का सोसवतो. पण तिचे डबे दुकानात क्वचित दिसतात. दिसले तर एकाच लॉटचे दोन घ्यावेत: एक झाडून पाहायला, एक भरायला.

गुण द्यायचेच तर, माझ्या हातांसाठी आणि माझ्या ६४२ साठी: वॉडकटरला पाचांपैकी साडेचार (अर्धा गुण भरण्याच्या त्रासापोटी कापला), गोल्ड डॉटला चार, क्रिटिकल डिफेन्सला तीन, आणि न्यू जर्सीत राहत असाल तर साडेतीन. एचएसटीला तीन.